काकांचे ब्लॅक ग्राउज

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुला सांगतेय — का, ते विचारू नकोस.

इथे इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकला आमच्या शेजारी देशपांडेकाका राहतात, रिटायर्ड इंजिनिअर. काकू गेल्यावर त्यांनी बॅक गार्डनमध्ये मोठी जाळी उभारून ग्राउज पाळले. कोंबडीच्याच कुळातले, पण थंड माळरानावरचे पक्षी. काका त्यांच्या एकेका जातीबद्दल भरभरून बोलायचे. रेड ग्राउज माळावरच्या हेदर नावाच्या झुडपाच्या कोवळ्या शेंड्यांवर जगतो, त्याला घरी जगवणं महाकठीण. टार्मिगनला बर्फाळ डोंगरच हवा. कॅपरकेली तर टर्कीएवढा! ब्लॅक ग्राउज मात्र जीव लावला तर राहतो. काकांनी लावला होता. काळाभोर नर, लालभडक भुवया — तो घुमायला लागला की काका फोनसुद्धा उचलायचे नाहीत.

हा नाद त्यांना माल्कमने लावला, त्यांचा ऑफिसमधला जुना मित्र. त्या वसंतात त्याने एक नवी मादी आणून दिली, आणि लगेच काका मुलीकडे वॉटफर्डला गेले. दाणापाणी माझ्याकडे. आमच्याकडे कोंबड्या आहेत. कोंबड्यांना काही होत नाही, पण त्यांच्या खुराड्यातल्या मातीतून ग्राउजना रोग लागतो. म्हणून काकांनी बजावलं होतं, "बूट बदलल्याशिवाय आत जायचं नाही हं."

कामाचे कॉल असायचे, घाई असायची. एकदा तशीच गेले. एकदाच? — नाही. रोजच.

काका आले तेव्हा पक्षी मलूल होऊन बसले होते. आठवड्याभरात सगळे गेले. कोंबड्यांकडून आलेला रोग, असं व्हेट म्हणाला. काकांनी विचारलं, "बूट बदलत होतीस ना?"

"हो काका. रोज."

मग उरलं कोण? माल्कमकडेही कोंबड्या होत्या. "इतक्या वर्षांची मैत्री," काका म्हणाले, "आणि आजारी पक्षी गळ्यात मारला माझ्या?" त्यांचा चेहरा — दगा झालेल्या माणसाचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. आणि मी काय म्हणाले? "काही लोक असतातच असे, काका."

माल्कम भेटायला आला. काका उठले नाहीत. त्यांनी मला दाराशी पाठवलं. तो पायरीवर टोपी चुरगाळत उभा होता. "मी त्याला आजारी पक्षी देईन, असं तुला तरी वाटतं?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"प्लीज, परत येऊ नका," मी म्हटलं, आणि दार लावलं.

आत आले. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू आहेस म्हणून बरं," म्हणाले.

मी तो हात राहू दिला.