गरुडकेतूची पिवळी घोडी

मंचरच्या एसटी स्टँडबाहेर लिंबाच्या झाडापासून पानाच्या टपरीपर्यंत एक दोरी बांधलेली असायची, आणि तिच्यावर कॉमिक वाळत घातलेली असायची. म्हणजे दिसायची तशीच. तारेच्या चिमट्यांना लटकलेली, वाऱ्यावर फडफडणारी. खाली पोतं अंथरून बाजीराव बसलेला. खेड्यात वाचणारं कोणी नव्हतं असं भाषण ठोकणारे भेटले की मी त्यांना विचारतो, तुम्ही कोणत्या स्टँडवर उतरला होतात? त्या दोरीखाली बुड टेकायला जागा मिळायची नाही. एसटी चुकली तरी चालेल, पण पान पुरं झालं पाहिजे, असली माणसं होती. सातवीत माझी शाळा सुटली, वाचन सुटलं नाही, ते या दोरीमुळं. पुढं निवेदनं लिहिली, मोर्चे काढले, कचेऱ्यांत भांडलो, सगळं आयुष्य कागदावर गेलं. त्यातला पहिला कागद बाजीरावचा.

बाजीराव कळंबचा. विहारामागं दोन खोल्यांचं घर, बायको द्रौपदा. तो तिथं बसूनच वाचायला कॉमिक द्यायचा, भाडं किरकोळ, नियम मात्र कडक. थुंकी लावून पान उलटलं की पुस्तक हातातून गेलं. हात तेलकट असतील तर आधी नळावर. पुस्तक उलटं दुमडून धरणाऱ्याला तो म्हणायचा, "पावणं, तुमची मान अशी मोडली तर चालंल का?"

दोरीवर सगळ्यात जास्त मागणी गरुडकेतूला. लाल अंगरखा, कमरेला तलवार, आणि त्याची घोडी. एका गोष्टीचे दोन भाग होते. पहिल्या भागाच्या शेवटच्या पानावर गरुडकेतू कड्यावरून दोराला धरून लटकतोय, खाली मगरींचं तळं, आणि वरून दुष्ट सेनापती दोर कापतोय. संपलं. दुसरा भाग बाजीरावकडं एकच होता, आणि त्याच्यासाठी पोरं रांग लावायची.

त्या रांगेत मुली नसायच्या. स्टँडवर पोत्यावर बसून वाचणारी मुलगी त्या काळात चालली नसती. पण शिनोलीची एक पोरगी मंचरला मामाकडं शिकायला होती, प्रतिभा. ती टपरीच्या आडोशाला उभी राहून दुसऱ्यांच्या खांद्यावरून वाचायची. बाजीरावनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं एक कॉमिक मेथीच्या जुडीत घातलं, जुडी वर्तमानपत्रात बांधली आणि तिच्या हातात दिली. "मामीला सांग, भाजी घेतली. पुस्तक उद्या माघारी आण. मेथी ठिवून घे." अशी कितीतरी कॉमिक मेथीतून गेली आणि आली. गरुडकेतूचा पहिला भागही गेला आणि आला. दुसरा भाग द्यायच्या आत बापानं पोरीला गावी नेलं, लग्न लावून दिलं. विषय मिटला.

पुढं घरोघर टीव्ही आला, मग मोबाईल. दोरीखालची पोती रिकामी पडायला लागली, आणि एके दिवशी बाजीरावनं दोरी सोडून घडी घातली. कॉमिक पत्र्याच्या ट्रंकांत गेली. नवराबायको हंगामात नारायणगावला द्राक्षाच्या पॅकिंगवर जायला लागले. तिथं बाजीरावचा हात बसला. मण्यावरची पांढरी लव न पुसता घड कसा उचलायचा, पेटीत कागदाचं कातरण कसं पसरायचं, सगळं.

मग काही वर्षांपूर्वी लोकांना जुन्या कॉमिकचं वेड लागलं, आणि बाजीरावच्या ट्रंकांची खबर मोबाईलवर फिरली. कोणी कलकत्त्याहून विचारतोय, कोणी इंदूरहून. बाजीरावनं पहिलं पुस्तक साध्या लिफाफ्यातून पाठवलं. समोरच्यानं फोटो पाठवला, कोपरा दुमडलेला, कण्यावर चीर. खाली चार शब्द, तेही शिवीसारखे. त्या दिवशी बाजीराव जेवला नाही. "आरं, नाशकाच्या रस्त्याच्या खड्ड्यातनं द्राक्षाचा मणी मी सुटू दिला न्हाई, आन् कागद मोडला?"

तेव्हापासून त्यानं पेटीची रीत कॉमिकला लावली. पुस्तक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत. दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा, पुस्तकापेक्षा बोटभर मोठा, म्हणजे मार बसला तर पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला बसावा. चिकटपट्टी पुठ्ठ्याला, पुस्तकाकडं तोंड करून कधीच नाही. मग खोका, भोवती कातरण. शेवटी खोका कानाशी धरून हलवायचा. "आत काय बोललं न्हाई पायजे." आत खुडबुड झाली की पुन्हा उघडायचा. कळंबच्या पोस्टातली अक्षदा म्हणायची, "बाजीरावआजोबा, तुमचं पार्सल वजनकाट्यावर ठिवायची बी भीती वाटती."

गिऱ्हाईक मात्र गिऱ्हाईकच. वरच्या कोपऱ्यात चिमट्याच्या गंजाचा तांबूस डाग असायचा, त्यावरून कुरकुर. डाग नसलेलं आहे का? बाजीराव चिडून म्हणायचा, "न्हाई म्हणा. आमची समदी लटकलेलीच हायेत."

मागच्या पावसाळ्यात त्याला चंद्रपूरहून फोन आला.

"कळंबचे बाजीरावकाका का? मी शिनोलीची. मेथीवाली."

प्रतिभा. तिकडं शाळेत चित्रकला शिकवते. तिच्या शाळेतल्या एका मास्तरानं बाजीरावकडून कॉमिक मागवलं होतं, खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव वाचून तिनं नंबर घेतला.

"काका, दुसरा भाग आहे का हो? तो माणूस माझ्या लग्नाच्या आधीपासून कड्याला लटकतोय."

बाजीराव हसला आणि मग त्याचं हसू थांबेना. दुसरा भाग होता. तोच, एकुलता एक. कितीजणांनी मागितला होता, त्यानं कोणाला दिला नव्हता. का नाही, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आता सांगता आलं.

त्या पार्सलासाठी त्यानं घर डोक्यावर घेतलं. पाऊस धो धो, भिंतींना ओल. कागदाला बुरशी धरेल ही धास्ती. तेव्हा त्याला आठवलं, पॅकिंगवरून आणलेले गंधकाचे कागद माळ्यावर आहेत. द्राक्षाच्या पेटीत वरून एक पांढरा कागद टाकतात. ओल लागली की त्यातून गंधकाचा वास सुटतो आणि घडाला बुरशी येत नाही. बाजीरावनं एक कागद गरुडकेतूच्या पिशवीत सरकवला. राहिलेले ट्रंकेत पसरले.

द्रौपदाबाई दारात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "द्राक्षाचं औषध द्राक्षाला. पुस्तकाला कशापायी?"

"बुरशी ती बुरशी. तुला काय कळतंय?"

"मला कशाला कळंल? मी आपली तिथं तुमच्या आधीपासनं पेट्या भरती."

खोका बांधला, हलवला, बोलला नाही. पार्सल गेलं.

दोन-तीन दिवसांनी बाजीराव भर पावसात माझ्या दारात उभा. छत्री नाही. हातात एक कॉमिक. "पुढारी, गाडी काढा." मला पुढारी तो टोमण्यानंच म्हणतो.

मी कॉमिक हातात घेतलं. नाकात काडेपेटीसारखा झणका गेला. मुखपृष्ठावरचा लाल अंगरखा फिक्कट गुलाबी झालेला, आभाळ पांढरं. ट्रंकेतलं सगळ्यात वरचं पुस्तक होतं ते.

"गंधक जादा लागला की द्राक्षबी पांढरं पडतंय," तो म्हणाला. "म्या डोळ्यानं बघितलंय राव. शंभरदा बघितलंय. आन् पिशवीच्या आत, ओलीत, कोंडून घातला त्यो कागद. तिच्या पुस्तकात."

मी गाडी काढली. कळंबचं पोस्ट. अक्षदा म्हणाली, टपालाची पिशवी कधीच गेली. मला राग यायला वेळ लागत नाही. गेली म्हणजे काय, परत मागवा, माणसाची वस्तू आहे, नियम आहे, मला नियम शिकवू नका, असं मी टेबलावर हात आपटून सुरू केलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"दादा, आवाज वाढवून पिशवी माघारी येत न्हाई. अर्ज द्या, मी घेते. पर त्यो अर्जबी पार्सलाच्या मागनंच जाणार. पुण्याच्या पुढं गेलंय ते, हे बघा." तिनं मोबाईल दाखवला. "त्यापरीस त्या बाईंना फोन करा की. पोचल्या पोचल्या उघडा म्हणावं, कागद काढून टाका म्हणावं."

मी बाजीरावकडं पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत होता.

"लावा फोन," मी म्हणालो.

"काय सांगू? बाजीरावनं पॅकिंग करताना तुमचं पुस्तक जाळलं म्हणून?"

"मग न सांगता जळू द्या. तुमची इज्जत राहील, तिचं पुस्तक जाईल. बसा धरून."

"तुमाला काय जातंय बोलायला? तुमी कवा चूक कबूल केलीय?"

"मी पॅकिंग करत नाही."

अक्षदा फिसकन हसली. बाजीराव मला चार गोष्टी ऐकवून बाहेर गेला. पोस्टाच्या ओट्यावर, पत्र्यावरून पडणाऱ्या पागोळ्यांच्या मागं उभं राहून त्यानं फोन लावला. आम्हाला आतून त्याचा एकाच बाजूचा आवाज येत होता. "पोरी... न्हाई, ताई... आगं ऐक आधी. चूक झालीया माझ्या हातनं." मग बराच वेळ तो नुसता हं हं करत राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "ती म्हणली, काका, जेवलात का."

नंतरचे दिवस वाईट गेले. विदर्भात पूर, रस्ते बंद, पार्सल कुठंतरी अडकलेलं. बाजीराव रोज पोस्टात. अक्षदा रोज मोबाईल पाहून मान हलवायची. घरात तो ट्रंका उघडून सगळी कॉमिक झटकत बसायचा. त्यानं जुनी दोरी काढली, खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधली आणि पुस्तकं वाऱ्याला टांगली. द्रौपदाबाईला चुलीपर्यंत जायला वाकून जावं लागे. ती मला म्हणाली, "भाऊ, बघा. स्टँड घरात आलाय. आता कंडक्टर तेवढा यायचा ऱ्हायलाय." पण कागदाचा विषय तिनं एकदाही काढला नाही. तिनं तो काढला असता तर बरं झालं असतं, असं बाजीराव मला म्हणाला.

फोन आला तेव्हा मी तिथंच होतो, दोरीखाली चहा पीत. व्हिडिओ कॉल. प्रतिभा पन्नाशीकडं झुकलेली, चष्मा कपाळावर. तिनं मोबाईल पुस्तकावर धरला.

रंग गेले होते. मुखपृष्ठावर थोडी गुलाबी झाक, आतल्या पानांवर तेवढीही नाही. काळ्या शाईच्या रेघा मात्र जशाच्या तशा. कोपरे टोकदार, कणा सरळ, एक घडी नाही, एक चीर नाही. खोका चिखलातून आल्यासारखा होता म्हणे, आत थेंब गेला नव्हता. बाजीराव काही पाहतच नव्हता. मान खाली.

"काका, इकडं बघा. मी वाचलं. सुटला तो."

"हं."

"घोडीनं दातात दोर धरला आणि ओढला वर. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्याला कोणी माणूसच वाचवणार."

"घोडीच," बाजीराव पुटपुटला. "त्याला दुसरं हाय कोण?"

"आता ऐका. माझ्याकडं रंग आहेत, कुंचला आहे. या पुस्तकाला मी हात लावणार नाही, ते ज्या पिशवीतून आलं त्याच पिशवीत राहील. कागद फेकला, घाबरू नका. मी वहीत एकेक पान उतरवून घेतलंय. रंग तुम्ही सांगायचे. पहिल्या पानावर आभाळ कसलं होतं?"

बाजीरावनं मान वर केली. "जांभळं. सांजंचं हाय ते."

"सेनापतीचा फेटा?"

"हिरवा. आन् दाढीला थोडा हिरवा लागलाय, छपाईत सरकलाय. तसाच घे."

"आणि घोडी? पांढरी ना?"

"पांढरी?" बाजीराव एकदम ताठ बसला. "पांढरी कोण म्हणलं? पिवळी! पहिल्या भागात पांढरी व्हती, दुसऱ्यात छापखान्यानं घोटाळा केला. पिवळीधम्मक, झेंडूवाणी. पोरं भांडायची दोरीखाली, घोडी बदलली का न्हाई म्हणून. हे पुढारी बी भांडायचे, इचार त्यांना."

"ती दुसरी घोडी होती," मी म्हणालो. "पहिली मगरीनं खाल्ली."

"कवा खाल्ली? दाखवा कुठं लिवलंय!"

तिकडं प्रतिभा हसत होती, हसता हसता चष्मा डोळ्यांवर घेत होती. मग पान उलटत गेली आणि बाजीराव सांगत गेला. तळ्याचं पाणी, मगरीची पाठ, मशालीचा जाळ, राणीच्या लुगड्याचा काठ. एकदाही अडखळला नाही. मध्येच द्रौपदाबाई चुलीपासून ओरडली, "राणीचं लुगडं निळं न्हाई, मोरपंखी!" त्यावर दोघांचं चांगलं वाजलं, आणि मोरपंखी ठरलं.

शेवटच्या पानावर प्रतिभा थांबली. "काका, इथं वरच्या कोपऱ्यात तांबूस काहीतरी आहे. बाकी सगळं उडालं, हे राहिलंय. सूर्य होता का?"

बाजीराव मोबाईलच्या अगदी जवळ गेला. त्याच्या डोक्यावर दोरी होती, दोरीवर चिमटे, चिमट्यांना पुस्तकं.

"सूर्य न्हाई, पोरी," तो म्हणाला. "त्यो आपला चिमटा हाय. त्यो काढ वहीत."