तीन सुरांत न मावणारी बाई

बार्शीटाकळीची शकुन तायडे तहसील कचेरीत कॉम्प्युटरवर बसायची आणि रविवारी अकोल्याच्या जुन्या शहरात देवीदासच्या गायन पार्टीत कीबोर्ड वाजवायची. त्या पार्टीत साठीच्या सुंदराबाई आपल्या आईचा पाळणा गात. ओळ संपली की एका सुरावर थांबत. खाली शकुनच्या कीबोर्डवर ए मायनर ही तीन सुरांची कॉर्ड वाजत असायची, आणि तो सूर मात्र तिच्यात बसायचा नाही.

"म्हातारी बेसूर होऊन राहिली," देवीदास सगळ्यांसमोर म्हणाला. "अमरावतीच्या कार्यक्रमात तिचं गाणं नको."

"माही माय इथंच थांबे," सुंदराबाई म्हणाल्या. "मीबी इथंच थांबीन."

शकुनला देवीदासचं बोलणं झोंबलं. घरी तिने पट्ट्या दाबून पाहिल्या. ए मायनर म्हणजे ए, सी, ई या तीन पट्ट्या एकदम. बाई थांबत होत्या बीवर. बी सीला चिकटून दाबला की करकरायचा. तिने तो वरच्या सप्तकात नेला, मधल्या जागेत जी घातला. ए, सी, ई, जी, बी. मायनरची उदासी तशीच राहिली, फक्त ऐसपैस झाली. मोबाइलवर शोधल्यावर तिला नावही सापडलं: मायनर नाइन्थ.

पुढच्या रविवारी तिने देवीदासला सांगितलं, "भाऊ, बाईचा सूर चुकत नाही. आपली कॉर्डच तोकडी हाय."

"मायनरले तीन सूर असतात. तू मले शिकवतं काय?"

"हो. आयकून तर पाहा."

त्याने ऐकलं नाही. पण पाळणा कार्यक्रमपत्रिकेत छापून गेला होता, त्यामुळे अमरावतीत गाऊ द्यावाच लागला. "तीनच वाजव," त्याने विंगेतून बजावलं. सुंदराबाईंनी ओळ संपवली, आपल्या सुरावर उभ्या राहिल्या. शकुनने त्याच्याकडे पाहत पाचही पट्ट्या दाबल्या. बाईंनी चमकून वळून पाहिलं आणि तो सूर दम संपेस्तोवर सोडलाच नाही.

खाली उतरल्यावर देवीदास म्हणाला, "यापुढं तीन, नाहीतर घरी बस."

"मंग दुसरा कीबोर्डवाला पाहा," शकुन म्हणाली.

त्याने खरंच पाहिला. सुंदराबाईही पार्टीतून उठल्या. आता रविवारी दोघी बार्शीटाकळीत शकुनच्या ओसरीवर बसतात. परवा शकुनच्या पाच सुरांवर बाईंनी स्वतःच बोट पुढे करून वरचा डी दाबला.

"हा काहून नाही घेत तू?"

"घेते ना," शकुन म्हणाली, आणि उजव्या हाताची पाचही बोटं आधीच पट्ट्यांवर असताना सहावं बोट कुठून आणायचं ते शोधू लागली.