लेव्हल ऑफ झालेला ताप

ताप चढायचा थांबला की आमच्या पेठेतल्या दवाखान्याचे कंपाउंडर "लेव्हल ऑफ झाला" एवढेच म्हणत. आई विषमज्वराने पडली तेव्हा मी कॉलेजातून घरी आलो होतो. तिला पाहायला आलेले कंपाउंडर तेच म्हणाले आणि 'ऑफ' म्हणजे ताप गेला असे समजून वडिलांनी लगेच कडुलिंबाचे पाणी तापत ठेवले. ताप गेला की न्हाऊ घालायचे, ही आमची रीत.

"न्हाय हो! चढायचा थांबलाय, उतरला कुटं?" म्हणत कंपाउंडरांनी स्वतः चुलीतली लाकडे ओढली.

वडील रागावले. इंग्रजी शिकलेल्या मी पाण्याचे भांडे खाली उतरवले. दवाखाना सुटल्यावर कंपाउंडर मात्र रोज येत राहिले.

पाचव्या दिवशी आईने डोळे उघडून त्यांनाच विचारले, "जेवलासा का वो?"

त्यांनी थर्मामीटर न लावताच खिशात ठेवला.