सनावळी सरांचं चाळिसावं वर्ष

चर्चचे पाळक, म्हणजे पाद्री, घडवणाऱ्या त्या विद्यालयात बायबलचा जुना करार शिकवणाऱ्या सरांना विद्यार्थी पाठीमागे ‘सनावळी सर’ म्हणत. तोंडावर म्हणाले असते, तरी सर सुखावलेच असते. इस्राएल आणि यहूदा या दोन राज्यांतले राजे किती किती वर्षं गादीवर होते, याचा तक्ता ते जुळवत बसले होते. एकाच राज्याची ही दोन झाली, म्हणजे सुरुवात एकाच वेळी; पुढे दोन्हीकडचे त्या वेळचे राजे मारलेही गेले एकाच वेळी. तरी मधल्या काळातल्या राजांच्या कारकिर्दींची बेरीज एकीकडे अठ्ठ्याण्णव वर्षं, तर दुसरीकडे पंच्याण्णव. या तीन वर्षांच्या फरकापायी सरांनी स्वतःची तीस घातली होती.

तक्ता झोपायच्या खोलीत, कपाटाच्या दारावर टांगलेला. त्यांच्या बायकोला, म्हणजे सगळ्यांच्या काकूंना, साधा टॉवेल काढायचा तरी चार राजांना बाजूला सारावं लागे. पुस्तक कधी होणार, असं त्यांनी विचारलं की सर म्हणत, “काळाची पूर्णता झाली की.” मग समजावत, की ही घड्याळातली वेळ नव्हे, देवाने ठरवलेली वेळ. काकू मान डोलवत आणि गॅस बंद करायला जात. बायबलमधला इतिहास गोल फिरत नाही, सरळ शेवटाकडे जातो, असं सर वर्गात ठासून सांगत. त्यांचं पुस्तक मात्र तिसऱ्या प्रकरणाभोवती फेर धरून होतं.

एक शब्द मात्र सरांनी दिला होता. पुस्तक होवो न होवो, लग्नाच्या चाळिसाव्या वर्षी दोघांनी काकूंच्या ताईकडे महिनाभर राहायला जायचं. ताई दूर, समुद्रकाठी. वय ऐंशी, वर्षभरात दोनदा पडलेली. काकूंचा जीव तिच्यात अडकला होता. फेब्रुवारीत लग्नाला एकोणचाळीस वर्षं पूर्ण झाली आणि दुसऱ्याच दिवशी काकूंनी माळ्यावरून बॅग काढली. म्हणाल्या, चाळिसावं लागलं.

सरांनी चष्मा पुसला, म्हणजे आता कोणाची धडगत नव्हती. त्यांनी सांगितलं, की मोजायच्या पद्धती दोन. एका राज्यात राजा गादीवर बसला की लगेच पहिलं वर्ष धरत. दुसऱ्यात ते अर्धंमुर्धं वर्ष सोडून देत आणि पुढच्या नववर्षापासून मोजत. ही दुसरी पद्धत जास्त काटेकोर. तिच्याप्रमाणे चाळिसावं लागायला अजून दहा-अकरा महिने होते, आणि तेवढ्यात तिसरं प्रकरण हातावेगळं झालं असतं. तक्त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने त्यांनी स्वतःच्या लग्नाची कारकीर्द मांडूनही दाखवली.

काकूंनी ती नीट पाहिली. “आणि ताईचं वय यातल्या कुठल्या पद्धतीनं मोजायचं?” त्यांनी विचारलं.

यावर गप्प बसून बॅग भरू लागायचं असतं, हे कुणालाही कळलं असतं. सर मात्र खरोखरच विचार करू लागले. जन्मतारीख नववर्षाच्या अलीकडची की पलीकडची, असंही त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बॅग घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. टॅक्सी आली. सर हातात पेन्सिल घेऊन मागोमाग धावले.

“अगं, पण परत कधी येणार?”

“काळाची पूर्णता झाली की,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी टॅक्सीचं दार लावून घेतलं.

सर घरात आले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वासात झाले होते. देवाने ठरवलेली वेळ त्यात दिसत नाही, हे ते आयुष्यभर शिकवत आले होते. तरी दुपारपर्यंत ते त्याच्याकडेच बघत बसले.