एकाच कपातला चहा म्हणे!

मंडळी, सभेतून आले ती थेट लिहायलाच बसले.

आज सांगलीत एका दिवंगत आमदारांची जयंती होती. साठच्या दशकात ते आमच्या भागातून निवडून आले, तेव्हा ऐन तरुण होते. बौद्ध कुटुंबातले. माझा भाचा माइकवर म्हणाला, "साहेबांनी आणि आमच्या आजोबांनी एकाच कपातून चहा घेतला होता!"

टाळ्या पडल्या. मी उठले. "साफ खोटं!"

"आत्या, खाली बसा की!"

का बसू? ते आमच्या घरी आले तेव्हा मी पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आले होते, सोप्यातच उभी होते. वडिलांनी आमदारांना वळचणीला वेगळी ठेवलेली कपबशी दिली. ते हसून म्हणाले, "पाटील, ही तुमी घ्या, तुमची मला द्या." वडील तडक आत गेले. आमदार चहा न घेताच निघाले.

हे मी भर सभेत सांगितलं. पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "खरं हाय. पुन्हा कुणाच्याच दारात त्यांनी चहा घेतला न्हाई."

भाचा म्हणतो, माझं माहेर आजपासून तुटलं. तुटू दे. पण मला सांगा, आपला आजोबा मोठा दिसावा म्हणून दुसऱ्याने सोसलेला अपमान पुसून टाकायचा?