मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे

शनिवारची भाजी घेऊन जिना चढायला लागले आणि पहिल्याच वळणावर मला जोराचा ठसका लागला. वरच्या मजल्यावरच्या बाई दारात उभ्या राहून दुपट्ट्यात खोकत होत्या. खालच्या घरातले गृहस्थ "किसके घर में मिर्ची जल रही है?" म्हणून ओरडत होते. मिरची कसली डोंबलाची! तो वास मी झोपेतसुद्धा ओळखला असता. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, जिथे एकेका जिन्यात चार-चार प्रांतांची माणसं राहतात, तिथे माझी आई भर दुपारी तंबाखू भाजत होती.

तीही माझ्या डोशाच्या तव्यावर. पूड उडू नये म्हणून खिडक्या घट्ट बंद केलेल्या आणि धूर जावा म्हणून जिन्याकडचं दार सताड उघडं.

"अगं आई, हे काय चाललंय?"

"मिश्री भाजतेय. दिसत नाही?" तिने उलथनं न थांबवता विचारलं.

गावाहून आणलेली डबी संपली होती. पानं गेटवरच्या गार्डने दिली होती. आईचं हिंदी अगदीच तुटपुंजं, पण पान चोळून, नाकाला लावून "अच्छा नहीं, गीला है" एवढं ती त्याला बरोबर सांगायची, आणि तो बिचारा दुसरं आणून द्यायचा. दिल्लीत मला जे जमायला वर्षं लागली, ते, म्हणजे कोणाशी तरी ओळख काढणं, तिने माझ्याकडे आल्यापासून महिन्याभरात तंबाखूवर जमवलं होतं.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून चुरलेली तंबाखू. ती बोटावर घ्यायची आणि दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, दुपारच्या चहाआधी. आईचं माहेर निपाणीकडचं, घरची तंबाखूची शेती. लहानपणी शेंडे खुडताना बोटांना असा चिकटा बसायचा की साबणाने निघायचा नाही, आणि भाकरी कडू लागायची. दव असताना पानांत शिरलं की पोरींना उलट्या व्हायच्या. "तंबाखू लागली" म्हणायचे, हातावर गुळाचा खडा ठेवायचे आणि पुन्हा रानात पाठवायचे. हे सगळं ती हसत सांगते. मला नाही हसू येत.

पण त्याच घरात दुपारची जेवणं आवरली की बायका मागच्या दारी डब्या उघडून बसायच्या. तेवढाच वेळ त्यांना बसायला मिळायचा, कारण तोंडात बोट असलेल्या बाईला कोणी हाक मारत नसे. पुरुष तंबाखू खायचे, ते व्यसन. बायका मिश्री लावायच्या, म्हणजे दात घासायच्या. आजोळी गेलं की त्या बैठकीत मलाही जागा असे. एकदा दाढ ठणकत होती म्हणून आईने चिमूटभर मिश्री दाबली. डोकं गरगरलं, दाढ थांबली. पुढे मी दाढ दुखत नसतानाही बोट पुढे करायला लागले. हॉस्टेलला गेले तेव्हा सुटलं, आणि मी ते विसरूनही गेले.

त्या शनिवारी जेवताना आमटीचा घास घेतला आणि आईने डोळे गच्च मिटले. "तिखट झालीय का?" तर म्हणे नाही. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि तिला जबरदस्तीने आ करायला लावलं. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, वाळलेल्या चुन्यासारखा.

दातांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "माताजी, तंबाकू खाती हैं?"

"नहीं," आई म्हणाली. एकदम ठाम. आणि ती खोटं बोलत नव्हती, हेच तर दुखणं. आयुष्यात तिने कधी तंबाखू "खाल्ली" नव्हती.

दिल्लीत मिश्री म्हणजे खडीसाखर, म्हणून मी सरळ सांगितलं, "भुना हुआ तंबाकू दाँतों पर लगाती हैं. दिन में कई बार." आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला भर बाजारात ढकलून दिलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हे आजपासून बंद. महिन्याने परत दाखवा. चट्टा राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवू. कॅन्सर हा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून, हळू आवाजात उच्चारला.

रिक्षात बसल्या बसल्या आई म्हणाली, "परक्या माणसापुढे मला व्यसनी केलंस."

"तंबाखूच आहे गं ती!"

"मिश्री आहे."

पुढे सिग्नलला रिक्षावाला तळहातावर खैनी मळत होता. मला वाटलं, त्याच्या हातावर एक फटका द्यावा.

तो महिना मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. डबी मी कचऱ्याच्या गाडीत टाकली. गार्डला दम दिला, त्याने कानाला हात लावले. आणि मग मला जिकडेतिकडे तंबाखूच दिसायला लागली. टपरीवर लोंबणाऱ्या पुड्या, ऑफिसच्या जिन्यातल्या कोपऱ्यांतले लाल फराटे, "दो मिनट में आया" म्हणून फाइल सोडून खाली पळणारे सहकारी. मीटिंगमध्ये बसले तरी जीव घरी. फोन करायचे, "काय करतेयस?"

"बसलेय. तोंडात काही नाही. वास घ्यायला येतेस?"

तिचेही हाल होतेच. सकाळी पोट साफ होईना, डोकं ठणके, या खिडकीतून त्या खिडकीत फेऱ्या. जेवण झालं की तिचं बोट आपोआप वर यायचं आणि ओठांपाशी येऊन थांबायचं. ते बघून मला रडू यायचं आणि रागही यायचा, आणि राग लवकर बाहेर पडायचा. रोज सकाळी टॉर्च घेऊन मी तिच्यापुढे उभी. आज लहान वाटतोय. नाही, आज मोठा. कोणत्याही कामात लक्ष लागेना, दूध उतू, पोळी करपलेली.

त्यातच तिने एक नवं खूळ काढलं. मी जेवायला बसले की विचारायची, "तुला तिखट झोंबतं का गं?" चहा घेताना, "गरम लागतं का गालाला? आ कर बघू."

"माझं काय मध्येच? विषय बदलू नकोस!" मी खेकसायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पक्की हुशार आहे, मला वाटायचं, स्वतःवरचं लक्ष उडवायला बघतेय.

महिना झाला. डॉक्टरांनी दिवा तिच्या तोंडावर ओढला, आरशाने गाल बाजूला केला आणि बराच वेळ बघितलं. मी पर्सचा बंद पिळत उभी होते.

"कम तो हुआ है," ते म्हणाले. "फिर भी एक छोटा टुकड़ा लेकर देख लेते हैं."

आई शांत होती. तिने दिवा हाताने बाजूला सारला, खुर्चीत उठून बसली आणि माझं मनगट पकडलं. तिची पकड इतकी घट्ट असेल असं मला वाटलं नव्हतं.

"मेरा बाद में. डॉक्टरसाब, पहले इसका देखो."

"इनको क्या हुआ?"

"ये छोटी थी. मैंने लगाया इसको. मेरे हाथ से." तिने तोच हात त्यांच्यापुढे धरला.

"क्या लगाया, माताजी?"

आईने माझ्याकडे पाहिलं. महिनाभर या एका शब्दावरून आम्ही घर डोक्यावर घेतलं होतं, आणि तिने तो एकदाही मान्य केला नव्हता.

"तंबाकू," ती म्हणाली.

मग ती खुर्चीवरून उतरली आणि मला खांदे धरून तिथे बसवलं. खुर्ची अजून तिच्या अंगाने गरम होती.

"आ कर," ती म्हणाली.

मी आ केला. डॉक्टरांच्या खांद्यामागून आई वाकून बघत होती, आणि लहानपणी मला घास भरवताना उघडायची तसं तिचंही तोंड उघडं होतं.