दुसरं सूप

निपाणीत आमच्या शेजारची आक्का दारात बसून बिड्या वळते. बोलते कमी, पण तिचा संथ श्वास जवळ बसलं की ऐकू येतो. परीक्षेच्या धास्तीनं माझ्या मुलीचा जीव घाबरा झाला, तेव्हा आक्कानं तिच्या मांडीवर सूप ठेवलं आणि तंबाखू न घालता नुसती पानं वळायला दिली. "माझ्यासंगं श्वास घे. वळत ऱ्हा." मुलगी हळूहळू तिच्या श्वासाच्या लयीत पानं वळू लागली.

आक्काशेजारी भिजवलेल्या पानांचं आणखी एक सूप रोज असतं. मुलगी तिकडं सरकली, तशी आक्कानं तिचं मनगट धरलं. "तिथं माझी लेक बसती गं. तिची घालमेल मला कळलीच न्हाय."

तिची लेक जाऊन कैक वर्षं झालीत.

आम्ही निघालो. मागं आक्का त्या रिकाम्या जागेला सांगत होती, "श्वास घे. वळत ऱ्हा."